अमेरिकेतली काळीपिवळी

“ओ मास्तर, पाय आत घ्या! महागाव, महागाव!” उमरखेडच्या स्टँडबाहेर काळीपिवळी जीपचा डायव्हर माझ्यावर ओरडत होता. पाय घेणार कुठे? माझ्या मांडीवर एक पाहुणा, पाहुण्याच्या मांडीवर त्याचा बोकड आणि बोकडाच्या पाठीवर कोणाचा तरी डबा होता. डायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर बसला आणि एका हाताने जीप, दुसऱ्या हाताने अमेरिका हाकू लागला.

लेकीच्या बाळंतपणासाठी तो तिकडे गेला होता. “जावई परगावी, पोरीले शेजाऱ्याचं तोंड माहीत नाही. कळा सुरू झाल्या तं दवाखान्यात कोन नेते? मले झोप येईना. अन् रस्त्यावर पाहतो तं एवढ्याल्या गाड्या, अन् त्यात एकेकच मानूस फिरून राह्यला! बाकी साऱ्या शिटा खाली ना भाऊ!”

दुसऱ्याच दिवशी लेकीला गाडी काढायला लावून हा पठ्ठ्या दाराला लटकला आणि गल्लीभर ओरडला, “चला बाजार, बाजार!” आधी एक गोरी आजी बसली, मग तिचा कुत्रा, मग याला पकडायला आलेला पोलीस. आठवडाभरात टपही भरला. यातलं खरं किती, ते मी बोकडालाही विचारलं नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा म्हणे अख्खी गल्ली गाडीत चढली आणि पोलिसाने ती दवाखान्यापर्यंत हाकली.

“मंग पोरगं झालं का पोरगी?” पाहुण्याने श्वास रोखून विचारलं.

“पोरगी,” डायव्हर म्हणाला. “दवाखान्यातून येताना खिडकीपाशी बसवली.”