काचेमागच्या दोन शाली

पुकेराऊचं संग्रहालय फक्त शनिवारी दुपारी उघडतं. बाकीचे दिवस डेस्मंड टलॉक मेंढ्यांच्या मागे असतो आणि किल्ली त्याच्या खिशात असते. इमारत जुन्या लोणी-कारखान्याची. मोठं दालन सगळं जहाजातून आलेल्या गोऱ्यांचं: त्यांची खोगिरं, त्यांच्या बायकांचे लग्नातले झगे, लोणी घुसळायची यंत्रं आणि पेंढा भरलेलं दोन डोक्यांचं कोकरू. इथल्या मूळच्या माओरींना एक कोपरा दिलाय, तोही संडासाच्या दारामागे. दगडी कुऱ्हाडी तिथे अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडून ठेवल्यात. या देशात आधी कोण आलं, असा प्रश्न एखाद्या पोराला पडलाच, तर त्याचं उत्तर इथे कोकरू असं निघेल.

मेरेपेकाने तीस वर्षांत क्वचितच एखादा शनिवार चुकवला असेल. जन्मभर ती लोकर कापणाऱ्यांच्या टोळीत स्वयंपाकीण होती. भुकेल्या, शिवराळ गड्यांना ती नुसती भुवई उचलून गप्प बसवायची, आणि तिच्या हातच्या डुकराच्या हाडांच्या रश्शासाठी तेच गडी तिच्या शिव्याही मुकाट ऐकून घ्यायचे. संग्रहालयात आली की ती दानपेटीत शर्टाचं एक बटण टाकायची आणि सरळ कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटापुढे जाऊन उभी राहायची.

आत तिच्या आजीची, राहेराची, शाल होती. रानातल्या पात्यांचं सूत काढून विणलेली, वर रानकबुतराची पिसं. खाली चिठ्ठी: ‘कृतज्ञ स्थानिक जमातीकडून टलॉक कुटुंबास प्रेमाची भेट.’

“कशी आहेस आज, राहेरा?” मेरेपेका कपाटाला विचारायची. मग मागे न वळता म्हणायची, “डेस्मंड, काच पूस. आजीला बाहेरचं दिसत नाही.”

“पुसली की सकाळीच.”

“मग तुझं तोंड पाहून तिलाच नको झालं असेल.”

दोघं एका शाळेत होते, एका बाकावर. डेस्मंड तेव्हाही असाच होता. मनाने चांगला, पण सांगितल्याशिवाय काही कळायचं नाही.

भेट वगैरे काही नव्हती ती. मोठ्या साथीच्या वर्षी माओरींच्या घराघरात माणसं मरत होती आणि डेस्मंडची आजी घोड्यावरून त्यांना सूप पोचवत होती. त्यातच तिलाही ताप आला आणि ती गेली. तेव्हा राहेरा नदी ओलांडून गेली आणि आपल्या घरातली सर्वांत मोलाची शाल तिने त्या गोऱ्या बाईच्या शवपेटीवर घातली. याहून मोठा मान माओरींत नाही. आता रीत अशी, की पुढे राहेराच्या घरी मयत झालं की टलॉकांनी ती शाल घेऊन यायचं आणि त्या पेटीवर घालायची. मग त्यांच्या घरी कुणी गेलं की पुन्हा राहेराच्या घरच्यांनी न्यायची. शाल अशी येते-जाते, म्हणून दोन घरं एकमेकांची राहतात.

टलॉकांनी ती सत्कारात मिळाल्यासारखी घरी नेली आणि कपाटात ठेवली.

राहेराने वाट पाहिली. नवरा गेला, दोन मुलगे गेले, टलॉक आले नाहीत. एकदा आले ते केक घेऊन. “आठवण करून दे की,” लोक म्हणायचे. राहेरा म्हणायची, “मागून आणली तर ती शाल कसली? घोंगडी.” ती स्वतः गेली तेव्हाही पेटी शालीविना उघडीच होती. तो ताठा तिच्या लेकीकडे आला, लेकीकडून मेरेपेकाकडे. जमीन वाटून घ्यायला पुष्कळ भांडणं झाली, हा ताठा मात्र बिनतक्रार पोचला.

मेरेपेकाला वाटायचं, आपण आजीहून हुशार. आठ वर्षांपूर्वी डेस्मंडची आई वारली तेव्हा तिला युक्ती सुचली: सांगायचं नाही, करून दाखवायचं. पण न्यायला शाल हवी. घरात एकच होती, धाकट्या बहिणीची. हारियाताने ती चार हिवाळे खपून स्वतःच्या शेवटासाठी विणली होती.

“तुझी दे,” मेरेपेका म्हणाली. “पेटीवर घालते. डेस्मंडला बघून तरी आठवेल, आपल्याकडे एक पडून आहे ते. लाजेल आणि आपल्या पुढच्या मयताला दोन्ही घेऊन येईल.”

“डेस्मंड? लाजेल?” हारियाता हसली. “त्याला शाळेत नाक पुसायला सांगावं लागायचं.”

“देतेस की नाही?”

“ने बाई. पण परत आली नाही तर मी उघडी जाणार, आणि वर गेल्या गेल्या आजीला तुझं नाव सांगणार.”

चर्चमध्ये मेरेपेकाने ती शाल पेटीवर घातली. डेस्मंड सगळ्यांदेखत तिचे दोन्ही हात धरून रडला. तिला वाटलं, उतरलं डोक्यात. दोन शनिवारांनी ती गेली तर कोपऱ्यात दुसरं कपाट. नवी काच, आत दिवासुद्धा. खाली चिठ्ठी: ‘कृतज्ञ स्थानिक जमातीकडून दुसरी भेट.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या दिवशी तिने दानपेटीत बटणही टाकलं नाही.

हारियाता यंदा हिवाळ्यात गेली. मराएवर, जमातीच्या सभाघरात, तिची पेटी रीतीप्रमाणे झाकण न लावता ठेवली, आणि मेरेपेका शेजारी चटईवर बसली. माणसं येत होती, नाकाला नाक लावून रडत होती, प्रेताशी बोलत होती, जेवून जात होती. पेटीवर साधी चादर होती. मेरेपेकाला रडू कमी आणि लाज जास्त येत होती. बहिणीची शाल आपण घालवली, स्वतःच्या शहाणपणापायी.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेस्मंड आला. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी मोठं. त्याने कागद सोडला. आत चौकट होती, सोनेरी. दोन्ही शालींचा फोटो.

“हारियाताला आवडायच्या ना,” तो म्हणाला. “मुद्दाम शहरातून मोठा करून आणला.”

तेल गेलं, तूप गेलं, आणि हाती धुपाटणं आलं तेही सोनेरी. पेटीभोवती घराण्यातल्या मेलेल्यांचे फोटो मांडलेले होते. शेजारच्या म्हातारीने विचारलं, “यांत लावू का गं?”

“लाव. त्याही मेल्याच की,” मेरेपेका म्हणाली, आणि मग तिच्याने राहवेना. “डेस्मंड, तुझ्या आजीच्या पेटीवर शाल घातली ती कशासाठी?”

“मान म्हणून.”

“आणि मान मिळाला की माणूस त्याला कुलूप लावतो? ती परत आणायची असते. आमच्या मयताला. या पेटीवर. मग तुझ्याकडे कुणी गेलं की आम्ही आणायची. तुझ्या आईच्या वेळी बहिणीची शाल घेऊन नाचत आले ती तुला हे दाखवायला. तू तिला दिवा लावलास.”

डेस्मंडने पेटीवरच्या साध्या चादरीकडे पाहिलं.

“तीस वर्षं दर शनिवारी येतेस,” तो म्हणाला. “एकदा सांगायचंस.”

“सांगायचं नसतं ते.”

“का?”

“आजीने सांगितलं नाही म्हणून.”

बोलल्यावर ते तिच्याच कानाला कसंतरी लागलं. तीन पिढ्या उघड्या गेल्या त्या एकट्या टलॉकांमुळे नव्हे, हे तिला त्या क्षणी कळलं आणि आजीचा मनस्वी राग आला.

डेस्मंड उठला आणि न जेवता निघून गेला. मयताला येऊन न जेवता जाणं म्हणजे तोंडात मारणं. स्वयंपाकघरातल्या बायकांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

त्यांची भांडी घासून व्हायच्या आत तो परत आला. दोन्ही हातांवर दोन शाली, एका बोटाला रुमाल बांधलेला, रुमालावर रक्त. जुन्या कपाटाची किल्ली त्याच्या बापाच्या वेळीच हरवली होती, म्हणे. पेटीशी तो गुडघ्यावर बसला आणि त्याने राहेराची शाल उलटी पसरली.

“पिसं वर, डेस्मंड. पायपुसणं नाही ते.”

त्याने सरळ केली. वर हारियाताची घातली. दोन्हींना चिठ्ठ्या अजून दोऱ्याने टाचलेल्याच होत्या. मेरेपेकाने दातांनी दोरा तोडला आणि शाली जरा उचलून चिठ्ठ्या बहिणीच्या हाताखाली सरकवल्या.

“आजीला वाचून दाखव,” ती हारियाताला म्हणाली. “म्हणावं, कृतज्ञ जमात आली.” आणि मग ती पहिल्यांदा मोकळी रडली.

डेस्मंड जवळच घुटमळत होता. “मेरेपेका, मी गेलो की… माझ्या वेळी आणशील ना?”

“मागायचं नसतं, डेस्मंड,” ती म्हणाली, आणि चटईवर थोडी सरकून तिने त्याला बसायला जागा केली.