नाक नसलेली नणंद

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून तिनं बावीस वर्षं लोकांना देखणं केलं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून कुणाच्या पुटकुळ्या घालवल्या, कुणाच्या सुरकुत्या, आणि ऐन फोटोच्या वेळी डोळे मिटणाऱ्या कितीतरी नवरदेवांना उघडे डोळे काढून दिले. सगळे तिला रिटचवाल्या बाई म्हणत. तिची नणंद म्हणायची, "इतक्यांचे डोळे काढलेस, आणि अजून मोकळी फिरतेस!"

पुढे स्टुडिओत कॉम्प्युटर आला. मालकांनी तिला तो शिकून घ्यायला सांगितलं. महिनाभरात ती शिकलीही. पण शिकता शिकता तिच्या लक्षात आलं, की आपण जन्मभर पाहिले ते नखाएवढे, करडे चेहरे. माणसाच्या गालावर उन्हात कोणता रंग असतो, हे आपल्याला ठाऊकच नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं नोकरी सोडली आणि तैलरंगांची पेटी घरी आणली.

घरात दोघीच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. नणंद त्याच्याहून मोठी, एकटी, जिभेनं फटकळ पण मनानं साफ. ती तयार कपड्यांच्या कारखान्यातून शर्ट आणून त्यांना बटणं लावायची. वहिनीनंही दुपारी तेच काम धरलं. सकाळ मात्र रंगांसाठी राखून ठेवली.

पहिलं चित्र नणंदेचंच. तीन आठवडे खपून पापणी न् पापणी काढली. नणंदेनं चष्मा पुसून पाहिलं.

"हुबेहूब आहे गं. पण ही बाई मरून बरेच दिवस झालेले दिसतात."

बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी ती नुसती बघत बसली. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून सव्वासातला ऊन गॅलरीत उतरायचं, नणंदेच्या मानेवर, मांडीवरच्या शर्टांवर पडायचं, आणि पावणेआठच्या आत भिंत चढून निघून जायचं. तेवढ्या वेळात मान आधी पिवळी, मग तांबूस व्हायची, आणि पांढऱ्या शर्टाच्या घडीत चक्क जांभळं दिसायचं. पापण्या मोजत बसलं, तर हे सगळं हातचं जाणार होतं.

तिनं बारीक ब्रश कपाटात टाकले आणि बोटभर रुंदीचा एक ब्रश घेतला. हाताची खोड मात्र जाईना. चार फटकारे मारले, की तो आपला नाक-डोळ्यांकडे वळायचा. मग ती ब्रश दांडीच्या अगदी शेंड्याला धरू लागली, केरसुणी धरतात तसा. ऊन गेलं की ब्रश खाली, चित्र कुठंही अडलेलं असो. पहिले साठ-सत्तर पुठ्ठे म्हणजे निव्वळ चिखल. त्यातून नणंद मध्येच दूध घ्यायला उठायची, दातानं दोरा तोडायची, कठड्यावरून शेजारणीशी वाद घालायची.

"वन्सं, जरा हलू नका ना."

"मी काय पुतळा आहे? माझी बटणं तू लावणार का?"

शेवटी तिनं सांगणं सोडलं. हलते तर हलते, हलणारीच काढायची. दुसऱ्या वर्षी एका पुठ्ठ्यावर ती वाकलेली पाठ आणि दोरा ओढताना उचललेलं कोपर जमून गेलं. नणंद चित्राला नाक लावून उभी राहिली.

"माझं नाक कुठंय?"

"सावलीत आहे."

"जन्मभर वर ठेवलेलं नाक, आणि तू सावलीत घातलंस?"

शहराच्या वार्षिक प्रदर्शनाला तिनं ते चित्र पाठवलं. 'अपूर्ण' असा शेरा घेऊन परत आलं. पुढच्या वर्षी दुसरं पाठवलं, शेरा तोच. निवड समितीत स्टुडिओचे मालक होते. त्यांना वाईट वाटलं, त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"बाई, किती बारीक हात होता तुमचा! थोडे नाक-डोळे काढा, मी स्वतः लावतो चित्र."

"तेवढं काढलं तर चित्र बिघडेल, साहेब."

"पण लोकांना कळायला नको?"

"लांबून पाहिलं तर कळेल."

"आमचं दालन हे असं बोळासारखं. लांबून बघणार कुठून?"

घरी येताना ती जिना चढत होती आणि मध्येच थांबली. चार मजले, प्रत्येक वळणावर एक रिकामी भिंत. तिनं सोसायटीच्या सेक्रेटरींना भंडावून परवानगी काढली, खिळे स्वतः ठोकले आणि सात चित्रं टांगली. खालच्या पायरीवरून बघणाऱ्याला वाकून बटण लावणारी बाई दिसे, आणि वर पोचला की नुसते रंगांचे पट्टे. चौथ्या मजल्यावरचे काका त्यापायी दोनदा खाली-वर झाले. इस्त्रीवाला खांद्यावरचा गठ्ठा न उतरवताच थबकला.

"या तर बटणवाल्या मावशी! आता ओरडतील, कॉलर अशी का इस्त्री केली म्हणून."

नणंद दारातच उभी होती. "ओळखलं मेल्यानं," ती म्हणाली, आणि त्याला आत बोलावून चहा दिला.

मग वहिनीनं स्टुडिओच्या मालकांना निरोप धाडला. ते गुडघा धरत आले. एकेक पायरी चढत थांबले, मग कठड्याला धरून उलटे दोन पायऱ्या उतरले.

"हे कधीचं ऊन?"

"सव्वासातचं."

"आणि ते वरचं?"

"साडेसात होऊन गेले होते."

त्यांनी आणखी दोन पायऱ्या उतरून पाहिलं. मग म्हणाले, "यंदा दालनाच्या टोकाची भिंत तुमची. समोर काही लावू देणार नाही."

"बारा पावलं मोकळी हवीत."

"ठेवतो."

समितीतले दोघं शेवटपर्यंत कुरकुरत राहिले, पण मालक शब्दाला जागले. चित्र लागलं. काही जण आल्या पावली परत गेले, काही जण मागं सरकत सरकत भिंतीला टेकले. ती कोपऱ्यात उभी राहून लोकांच्या पाठी बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून साडेनऊला ती पुठ्ठे घेऊन इस्त्रीवाल्याच्या टपरीत जाऊन उभी राहू लागली. वाफेतला माणूस तिला अजून जमत नव्हता, पांढरा रंग सारखा गढूळ व्हायचा. अकरा पुठ्ठे वाया गेले. बाराव्याला तिला शर्टाच्या घडीतलं जांभळं आठवलं, आणि तिनं पांढऱ्या रंगाची ट्यूब उघडलीच नाही.