वस्तीचा ताप

माझ्या थोरल्या बहिणीला १९८३ सालच्या आषाढात, एका गुरुवारी, सकाळी आठच्या भोंग्याला पिरंगुटच्या कारखान्याच्या फाटकावरून परत पाठवलं. कारण सांगितलं, खोटं बोलली. ती खोटं बोलली नव्हती. खोटं कागद बोलला होता, आणि तो कागद मी लिहिला होता. तेव्हा मी नववीत होते.

आमच्या बौद्धवाड्यात इंग्रजी अर्ज लिहीत नसत, उतरवून काढत. पुण्यातल्या कचेरीत शिपाई राहिलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी गावी परतताना रजेचा टाइप केलेला अर्ज आणला होता. तो त्यांच्या रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत असे. लग्न असो, बारसं असो, भाताची लावणी असो, ज्याला रजा हवी तो पिशवी मागून न्यायचा, माझ्यासारख्या शाळेत जाणारीकडून अर्ज उतरवून घ्यायचा आणि पिशवी परत करायचा. बदलायचं ते फक्त नाव आणि तारीख. मजकूर एकच: आय बेग टु स्टेट दॅट आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर. तळाशी, युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट. अशा रीतीने आमच्या वस्तीला बारा महिने ताप यायचा. एकाने तर नळासाठी अर्ज करताना ताप तसाच ठेवून पुढे नळ जोडला होता. कचेरीने काही विचारलं नाही. नळही दिला नाही.

उतरवताना मला ते बेग खटकायचं. शाळेत सरांना विचारलं, "सर, बेग म्हणजे भीक मागणं ना? रजा तर हक्काची असते."

"तो वाक्प्रचार आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा धरायचा नसतो. लिहायची रीत आहे ती."

"आणि सर्व्हंट?"

"तीही रीतच. खाली बस."

बसले. पण लक्षात ठेवलं.

त्या आषाढात लावणी तोंडावर आली तेव्हा बहीण कारखान्यातल्या कारकुनापुढे जाऊन उभी राहिली. पॅकिंगच्या चार बाया शेजारी होत्या. म्हणाली, "साहेब, घरी लावणी हाय. तीन दिस येणार न्हाई."

"तोंडी चालत नाही, बाई. इंग्रजीत अर्ज आण."

संध्याकाळी तिने पिशवी मागून आणली. मी चुलीच्या उजेडाला बसून अर्ज उतरवला.

"काय लिवलंय गं त्यात?"

"तुला ताप आलाय."

ती हसली. "लिव. लावणी हाय ते त्यास्नी ठावं हाय." आणि तिने सही केली.

लावणीच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन जीपने ताम्हिणीकडे निघाले होते. आमचं खाचर रस्त्याला लागून. बहीण गुडघाभर चिखलात, हातात रोपांची जुडी. जीप दिसली तशी तिने ओळखीने हात वर केला. ज्याला लपायचं असतं तो हात वर करत नाही, एवढं कुणालाही कळावं. साहेबांना कळलं नाही. गुरुवारी फाटक बंद.

दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवून तिच्याबरोबर गेले. साहेबांनी अर्ज समोर धरला. "फीव्हर लिहिलंय. होता का फीव्हर?"

"न्हाई."

"मग? आणि ही कोण?"

"धाकटी हाय माजी. तिनंच लिवलाय."

"शाळेत हेच शिकवतात का गं तुला?"

"व्हय साहेब, हेच शिकवतात," मी म्हणाले. "बेग लिवलं तरी ती भीक मागत न्हाई. सर्व्हंट लिवलं तरी ती तुमची चाकर न्हाई. ती रीत हाय म्हणतात. मंग सगळ्या कागदात ताप तेवढा खरा कसा?"

साहेब कारकुनाकडे बघायला लागले. मीही त्याच्याकडे वळले. "तुमाला सांगितलं व्हतं ना हिनं, लावणी हाय म्हणून?"

त्याने रजिस्टर उघडलं, मिटलं. "तोंडी सांगितलेलं रेकॉर्डला नसतं."

तिने कारकुनाला खरं सांगितलं, ते मराठीत होतं म्हणून कुठेच नोंदलं नाही. मी खोटं उतरवलं, ते इंग्रजीत होतं म्हणून पुरावा झालं. माझ्या चुकीची शिक्षा तिला झाली हे मी नाकारत नाही. पण ती चूक ज्यांनी मागून घेतली ते आजही खुर्चीवर आहेत.

त्याच आठवड्यात आम्ही तिच्या नावाने मराठीत अर्ज दिला. लावणीसाठी गेले होते, आधी सांगून गेले होते, कामावर परत घ्या. कारकुनाने तो न वाचताच परत सरकवला. "इंग्रजीत आणा."

"आता न्हाई," बहीण म्हणाली. "इंग्रजीत मला ताप येतो."

त्याला हसू आलं होतं. अर्ज मिळाल्याचा शिक्का मात्र त्याने उचलला नाही. त्यानंतर बहिणीने भाताची आवणं लावली ती मजुरीने, दुसऱ्यांच्या खाचरात. मी पत्रकं लिहायला शिकले ती तिथून. गेल्या चार वर्षांत पुष्कळ लिहिली, पण तिच्या चार ओळींच्या अर्जावर आवकचा शिक्का काही पडला नाही. तो अर्ज माझ्याकडे आहे.

तुम्हाला इंग्रजी येत असेल तर कुणीतरी तुमच्याकडे कागद घेऊन येतच असेल. आधी त्याला विचारा, रजा कशाला हवी, आणि तो सांगेल तेच लिहा. टेबलापलीकडे बसत असाल तर मराठी अर्ज परत सरकवू नका. आणि येत्या सोमवारी सकाळी आठच्या भोंग्याला मी बहिणीचा अर्ज घेऊन पुन्हा त्या फाटकावर उभी राहणार आहे. हे वाचून नुसते घरी बसू नका. तिथं या, आणि शिक्का पडेपर्यंत हलू नका.