हितेशचं अर्धं जाळं

आमच्या हौशी नाटकमंडळीत काशीराम कधी तोंडाला रंग लावून उभा राहिला नाही. भाट्यातला मच्छीमार. होडीवरून उतरला की अंगाच्या वासासकट थेट तालमीला यायचा. नेपथ्य त्याच्याकडे. रहस्यनाटकाचा पडदा उघडला की पहिलं एक मिनिट रंगमंच रिकामा ठेवायचा, हा हट्ट त्याचा.

"इन्स्पेक्टरसाहेब," मला तो भूमिकेच्याच नावाने हाक मारी, "मेला कोण ते आधी लोकांना कळू दे. अनोळखी माणसाच्या खुनाचं कोणाला काय? तुम्ही आलात की सगळे तुमच्या मिशाच बघत बसतात."

खरं होतं. उलटी पडलेली चप्पल, बशीने झाकलेला चहा, दोरा बांधलेला चष्मा, एवढ्यावर तो न दिसणारा माणूस उभा करी. चाळीस वर्षं मी टाळ्या घेतल्या. त्यांतल्या निम्म्या त्याच्या होत्या.

गेल्या ऑगस्टात त्याचा मुलगा हितेश होडीवरून पडला. सापडला नाही. पेपरात दोन ओळी आल्या, 'भाट्ये येथील खलाशी बेपत्ता'. नावसुद्धा नव्हतं. काशीरामने ते कात्रण माझ्यापुढे धरलं.

"ह्याच्यात माझा हितेश कुठाय?"

या थंडीत आम्ही एक जुनं नाटक परत बसवलं. सुरुवातीला मच्छीमाराचं रिकामं घर. मग फोन वाजतो आणि घरधन्याचं प्रेत सापडल्याचं कळतं. गुडघ्यांनी मला आता विंगेत बसवलंय, फोनची घंटा वाजवायची तेवढी माझ्याकडे.

प्रयोगाच्या संध्याकाळी काशीरामने गोणीतून जाळं काढलं. अर्धंच सांधलेलं, सुई तशीच अडकवलेली. मी ओळखलं. एकाने सांधायला घेतलेल्या जाळ्याला त्यांच्या घरात दुसरा हात लावत नाही. ऑगस्टपासून ते पडवीत तसंच टांगलेलं होतं.

"वहिनी काय म्हणाल्या?"

"तिनेच बांधून दिलंन."

आमचा तरुण दिग्दर्शक निलेश पुढे आला. "काका, सुई उजवीकडे घेऊ. नीट दिसेल."

"डावखुरा होता तो."

"संहितेत तसं नाहीये, काका."

"संहितेत नसेल."

मी निलेशला बाजूला नेऊन सांगितलं. त्याने सुई राहू दिली आणि दिवा डावीकडे वळवला.

पडदा उघडला. कुजबुज हळूहळू थांबली. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "डाव्या हाताचा दिसतो गो हा." काशीरामने ते ऐकलं. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली.

मिनिट संपलं. पलीकडच्या विंगेतून निलेश खुणा करू लागला. माझं बोट बटणावर होतं, पण दाबवेना. फोन वाजला की तो माणूस मेला. दोन मिनिटं झाली असतील.

"इन्स्पेक्टरसाहेब, लोक खोकायला लागले," काशीराम हळूच म्हणाला.

त्याने माझा हात बाजूला सारला आणि बटण स्वतः दाबलं.