आमच्या भाचीचे घोटे

आमच्या भाचीइतका भित्रा जीव उभ्या नेदरलँड्समध्ये दुसरा सापडणार नाही, आणि हा जीव पोटासाठी बॅले करतो. न्यूनेन नावाच्या इथल्या खेड्यात वाढली, शाळेत असताना मैत्रिणीच्या मागे लागून बॅलेच्या वर्गाला गेली. ताईला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. ते खूळ पुढे बॅलेच्या मोठ्या शाळेत शिकलं, पास झालं आणि आता एका छोट्या प्रांतिक कंपनीच्या बसमधून गावोगावच्या थिएटरांत नाचत फिरतं. हवेत उडी मारताना तिला काही वाटत नाही. भीती सगळी जमिनीवरची. युट्रेख्टमध्ये राहून ती सायकल चालवत नाही, का, तर घोटा मुरगळेल. इथले उभे जिने ती चक्क बसून उतरते. बॅलेचे नवे कडक बूट नरम करायला ते आमच्या पायरीवर धोबीघाटासारखे दणादण आपटते, पण त्याच पायरीला स्वतःची करंगळी लागली की घरात दोन दिवस सुतक.

दिवाळीला तर तिने कहर केला. कुणाचीतरी चिमुरडी, आईने शिकवल्याप्रमाणे, तिला वाकून नमस्कार करायला आली. ही किंचाळून थेट सोफ्यावर! "नो, नो, डोन्ट टच माय फीट! आय हॅव अ शो टुमॉरो!" पोरीने भोकाड पसरलं. तेव्हापासून ताई दारातच सगळ्यांना बजावते, "हिला लांबूनच नमस्कार करा हं."

हसायचो आम्ही. पण तिची खरी भीती वेगळी होती. कंपनीचा करार एकेका मोसमाचा. वसंतात संचालिकाबाई एकेकाला खोलीत बोलावून सांगतात, राहा किंवा जा. यंदा हिवाळ्यात तालमीत तिचा घोटा खरोखरच गेला. कित्येक आठवडे ती घरी बसली आणि तिच्या जागी एक कोवळी पोर नाचली, तीही झकास. बोलावणं आलं तेव्हा तिचा फोन आला, "मामा, प्लीज, यू कम."

मी कंपनीच्या कँटीनमध्ये बसलो. राहण्याच्या परमिटच्या नूतनीकरणापायी मीही इथे वर्षानुवर्षं देव पाण्यात घातलेत, पण त्या दिवशी जेवढा घाबरलो तेवढा कधी घाबरलो नव्हतो. ती बाहेर आली, चेहरा पांढराफटक. मी खुर्ची सारून उठलो.

"दे आर कीपिंग मी," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून, एरवी मराठी कधी न बोलणारी ती चक्क मराठीत म्हणाली, "मामा, अजून एक वर्ष घाबरायचं."

किती आनंदाने म्हणाली! मी हसलो, पाठीवर थोपटलं. पण एक दिवस ती त्या खोलीतून बाहेर येईल आणि तिच्याजवळ घाबरण्यासारखं काहीच उरलेलं नसेल. त्या दिवसाची मला आता तिच्याहून जास्त भीती वाटते.