वाढत्या अंगाचा गणवेश

आम्ही तिघी मैत्रिणी भेटलो की विषय कुठूनही सुरू होवो, शेवटी मुलांच्या शाळेवर येतो. परवा एकीने विचारलं, "तू मास्तरीण ना? मग सांग, गणवेश असावा की नसावा?"

माझं मत विचाराल तर मी रोज वेगळं देते. वाटूरजवळच्या एका शाळेत वीस वर्षं काढली, त्यात मत एकही पक्कं झालं नाही. किस्से मात्र कपाटात मावेनात! शाळेचं नाव सांगत नाही. आमचे हेडसर अजून खडखडीत आहेत आणि त्यांचा फोन लगेच येतो.

*

माप घ्यायला शिंपी शाळेतच यायचा. त्याच्या गळ्यातली टेप खाली यायच्या आधीच आयांचा गलका, "वाढत्या अंगाचं शिवा बरं!" एक गणवेश दोन-तीन वर्षं चाललाच पाहिजे.

एका वर्षी फुल पँट आली. कवायतीला पवार सर पहिलीतल्या एका पोरावर ओरडले, "अरे, डावा पाय उचल की!"

"उचललाय सर," पोरगं म्हणालं, "आतमदी हाय!"

*

तपासणीला एक साहेब आले. हेडसरांनी गणवेशामुळे येणाऱ्या समानतेवर मोठं भाषण दिलं. साहेबांना ते पटलं असावं, कारण त्यांनी ताबडतोब तिसरीतल्या एकाला उभं केलं.

"सांग बाळ, गणवेशाचा फायदा काय?"

"कबड्डी झाली की कुणाचा बी सदरा घालून घरी जाता येतंय."

"वा! आणि तोटा?"

"दोन आया मारतेत. एक आपली, एक त्याची."

साहेबांनी शेऱ्यात 'मुले धीट आहेत' असं लिहिलं.

*

शाळेला लागून भिकाआबांचं हरभऱ्याचं रान. घाटे भरले की मधल्या सुट्टीत तिकडे वर्दळ वाढायची. एकदा आबा काठी घेऊनच शाळेत आले. "सर, तुमचंच पोरगं हुतं! निळी पँट, पांढरा सदरा! पाठमोरं पळताना पाह्यलं म्या!"

हेडसरांनी सगळी मुलं ओळीत, पाठमोरी उभी केली. दीडशे निळ्या पँटी, दीडशे पांढरे सदरे! आबांनी दोन चकरा मारल्या, तिसऱ्या चकरेला एकाची कॉलर धरली. "हेच! बराबर हेच!"

पोरगं वळलं. आबांचाच नातू.

"आबा," तो हळूच म्हणाला, "घरी चला, घरी मारा."

*

वाढदिवसाला मात्र रंगीत कपडे घालायची मुभा होती. या मुभेचा खरा फायदा चौथीतल्या गण्याने घेतला. जूनमध्ये लाल टीशर्ट, ऑगस्टमध्ये लाल टीशर्ट, दिवाळीनंतर पुन्हा तोच. चॉकलेटं मिळत होती म्हणून आम्हीही गप्प होतो!

हेडसरांनी शेवटी धरलं. "किती वेळा जन्मलास रे?"

"सर, आईला नक्की आठवत न्हाई, म्हणून सगळे धरून राह्यलो."

त्या दिवशी नियम निघाला. रजिस्टरमध्ये असेल तोच वाढदिवस!

*

आणि इथेच घोळ झाला. तेव्हा पुष्कळ मुलांकडे जन्माचा दाखला नसायचा. आई म्हणायची, "कापूस येचायच्या टायमाला झालं," बाप म्हणायचा, "न्हाई, त्याच्या आधी." मग हेडसर सरळ एक जून लिहून मोकळे व्हायचे. सगळीकडे असंच चालायचं. आता एक जूनला शाळेला उन्हाळी सुट्टी! म्हणजे अर्ध्या शाळेच्या नशिबी रंगीत कपडे कायमचेच बंद.

बाकीच्यांनी सोडून दिलं. पाचवीतल्या शीतलने सोडलं नाही. तिच्या मामाने जालन्याहून झालरीचा पिवळा फ्रॉक आणला होता. घरातला पहिलाच रेडिमेड, अगदी अंगाबरोबर. शाळेत घालायचा म्हणून तिने तो जपून ठेवलेला. दर आठवड्याला येऊन मला सांगायची, "मॅडम, गणवेश अजून ढिला हाय, अन् फ्रॉक दाटून राह्यला."

मी हेडसरांना दोनदा बोलले. "नोंद म्हणजे नोंद," ते म्हणाले. मला त्यांचा खूप राग आला होता, ती नोंद त्यांच्याच अक्षरातली होती!

पोळ्याच्या चार दिवस आधी शीतल ऑफिसात खडू घ्यायला आली आणि भिंतीवरच्या फळ्यापाशी थबकली. त्यावर आम्हा शिक्षकांची नावं, शिक्षण, जन्मतारखा.

"सर, तुमचा बी एक जूनच!"

"हो."

"मंग खरा कधी?"

हेडसरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मला तरी कुठं ठाऊक हाय, बाई!"

एरवी ते आमच्याशी पुस्तकातलं बोलायचे.

मग त्यांनी विचारलं, "तुझी आई काय म्हणती? कधी झालीस?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

दुसऱ्याच सकाळी प्रार्थनेला जाहीर झालं, पोळा झाला की लगेचच्या दिवशी एक जूनवाल्या सगळ्यांचा वाढदिवस!

काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी मैदानात नुसती जत्रा. गण्या लाल टीशर्टात. खुद्द हेडसर गुलाबी बुशशर्टात, घड्यांच्या रेघा तशाच! चुळबूळ करत ते फाटकापाशी उभे होते, कुणाची वाट बघत होते ते मला ठाऊक होतं.

शीतल आली. गणवेशात.

"अगं, तुझ्यासाठी तर केलं हे!" हेडसर जवळजवळ ओरडले. "फ्रॉक कुठंय?"

"काल घालून पाह्यला सर. पाठीची चेन लागंना."

हेडसरांचा चेहरा पडला. शीतलने मागे हात घातला आणि पहिलीतल्या धाकट्या बहिणीला पुढे ओढलं. पिवळा फ्रॉक नडगीपर्यंत लोंबत होता आणि खांदे दंडावर आले होते.

"हिचा बी एक जूनच हाय, सर."

हेडसर खाली वाकले, एक खांदा वर सरकवत म्हणाले, "अगं, पण किती ढिला हाय हा!"

शीतलने कमरेवर हात ठेवले.

"वाढत्या अंगाचा हाय, सर!"