मोर्च्यापुढे उलटे चालणारे दादा

दादा मोर्च्यात उलटे चालायचे. तोंड आमच्याकडे, पाठ पोलिसांकडे. कधी दगडाला अडखळून पडायचेही; उठून, धोतर झटकून पुन्हा तसेच. कोणी हसलं तर म्हणायचे, "पोलिसाकडं काय पाहाचं? तो कुठं पळून राह्यला? आपले लोकं पाहा लागते."

ते आमच्याच वस्तीतले, आदिलाबादच्या कापूस बाजारात हमाल होते. मला कॉलेजात घाला म्हणून माझ्या वडिलांची पाठ धरली ती त्यांनीच. बाजारहत्नूरकडच्या आमच्या वस्तीतली मी पहिली पदवीधर; त्या दिवशी घरोघरी गूळ वाटत दादा फिरले. पुढे मोर्च्याची दरखास्त, म्हणजे कचेरीत द्यायचा अर्ज, मी तेलुगूत लिहायची आणि निघण्याआधी सगळ्यांना मराठीत समजावून सांगायची, असं ठरून गेलं. "कचेरीत कोणी पुसलं, काऊन आले, तं म्हातारीलेबी सांगता आलं पाहिजे," हे त्यांचं म्हणणं.

सांगायचं एकच होतं. आमची मसणवाट शेजारच्या शेतमालकाने तारेचं कुंपण घालून बंद केली होती. प्रेत न्यायचं तर ओढ्यातून, पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून. ती वाट मोकळी करून द्या.

आमच्याकडे गुराखी आणि म्हातारी माणसं काठीशिवाय घर सोडत नाहीत. मोर्च्यात काठी नको, म्हणून दादा गावाबाहेर सगळ्यांच्या काठ्या काढून घेत आणि चिंचेखाली ठेवत. एकदा तिथून आमच्या शेजारच्या आजीची काठी गेली. मग आजी दिसेल तिथे टोमणा मारी, "हा मोर्चा काढते अन् काठ्या खाते." म्हणून पुढच्या वेळी दादांनी काठ्या बैलगाडीत रचून बांधल्या आणि गाडी मोर्च्यामागून आणायला सांगितली. परतताना ज्याची काठी त्याला मिळावी, एवढाच विचार.

तहसीलसमोर पोलिसांनी अडवलं. इन्स्पेक्टरला गाडीभर काठ्या दिसल्या. त्याने हिंदीत विचारलं, या कोणी गोळा केल्या? दादा त्याच्याकडे वळले, हात जोडले.

"मैंने जमा की, साहब. झगड़ा नहीं होना, इसलिए."

दुसरं वाक्य कोणी ऐकलंच नाही. लाठ्या सुरू झाल्या होत्या.

दादांवर झालेल्या केसमध्येही पहिलंच वाक्य उतरलं. दादांचा हात मोडला होता, हमाली सुटली. तारखेला मी त्यांच्याबरोबर जायची. बसमध्ये ते केसबद्दल चकार शब्द काढत नसत. त्या पळापळीत आजी पडली होती, तिचा खुबा मोडला होता, तेच त्यांच्या मनात फिरत राही.

"काठी हाती असती तं बुढी सावरली असती, पोरी. मीच काढून घेतली."

मी समजावत राहिले. त्यांना ते पटलं नाही. आजी मात्र खाटेवरून त्यांना चहा पिऊन जा म्हणायची, आणि ते दारातूनच परतायचे. मोर्चा पुन्हा निघाला नाही.

यंदाच्या श्रावणात दादा गेले. ओढा भरून वाहत होता. तिरडी कुंपणाशी आली तशी पोरं थांबली. दोघांनी तारेला हात घातला.

काकू, दादांची बायको, मागून पुढे आली. "ओढ्यातूनच न्या रे त्याईले," ती म्हणाली. "तार तोडसान तं उद्या तुमच्यावर केस होईन."

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं शिकलेली मी. मी पदर खोचला. त्यांनी तार सोडली, तिरडी डोक्यावर घेतली, आणि आम्ही पाण्यात उतरलो.